गल्लीतली आरपार वाहतूक: स्पीडब्रेकर पुरत नाहीत, रस्त्याची रचनाच बदलायला हवी

उंबरठा

आमची कॉलनी पुण्याच्या पश्चिम भागात, दोन मोठ्या रस्त्यांच्या मधे आहे. जुने बंगले पाडून सोसायट्या झाल्या, माणसं वाढली, गाड्या वाढल्या, गल्ली मात्र होती तेवढीच राहिली. मोठ्या रस्त्यावरचा सिग्नल चुकवायचा असेल तर आमच्या गल्लीत शिरून पलीकडच्या रस्त्याला निघता येतं. पूर्वी ही वाट आसपासच्या लोकांनाच माहीत होती. आता मोबाइलवरचा नकाशा ती सगळ्या शहराला दाखवतो. सकाळी शाळेच्या वेळेला आणि संध्याकाळी ऑफिसं सुटल्यावर जो लोंढा इथून जातो, त्यातल्या बहुतेकांचं कॉलनीत कुणाकडेच काम नसतं.

शेजारच्या बिल्डिंगमधल्या आजी दारासमोर हातगाडीवर भाजी घेत असताना स्कूटरच्या धक्क्याने पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. त्यानंतर बैठक झाली आणि सगळ्यांनी एकमुखाने मागितला तो आणखी एक स्पीडब्रेकर. तो बसलाही. आता दुचाक्या त्याच्या कडेने, गटाराच्या झाकणांवरून जातात. नेमकी तिथूनच माणसं चालतात, कारण फुटपाथ नाही.

आतापर्यंतचे सगळे उपाय (पाटी, ब्रेकर, आरसा, "मुले खेळत आहेत, वाहने सावकाश चालवा") चालकाला सावकाश जा म्हणून विनवतात. तो इथे आलाच कशाला, हे कुणी विचारत नाही. ज्याला या गल्लीत थांबायचंच नाही, त्याला इथून जाता येणार नाही, पण इथे राहणाऱ्याला, पाहुण्याला, गॅसवाल्याला, ॲम्ब्युलन्सला दारापर्यंत येता येईल, अशी रस्त्याची रचना करता येते. जगात बऱ्याच ठिकाणी केली आहे. मला चर्चा हवी आहे ती यावर.

वेगाचं एक साधं गणित मांडते. रस्ता कोरडा आहे, चालक सावध आहे, मूल दिसल्यापासून एका सेकंदात त्याने ब्रेक दाबला असं धरू. ताशी ३० किलोमीटरला गाडी साधारण १३ मीटरवर थांबते. ताशी ५० ला ती पहिल्या सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे जिथे पहिली गाडी पूर्ण थांबली, तिथे दुसऱ्या चालकाने अजून ब्रेकही दाबलेला नाही, मूल समोर आहे आणि वेग पूर्ण ५० चा आहे. हा चालक बेदरकार नाही, दारू प्यायलेला नाही. तुमच्या-माझ्यासारखाच आहे.

आणि आपल्याकडचे नियम काय सांगतात? केंद्र सरकारच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिकेच्या हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीला ताशी ७० आणि दुचाकीला ६० पर्यंत मुभा आहे. राज्याला किंवा स्थानिक यंत्रणेला ती कमी करता येते, पण मुद्दाम तसं जाहीर केलं तरच. २०२२ साली देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातला जवळपास प्रत्येक पाचवा माणूस पायी चालत होता.

ज्यांनी परगावी, परदेशी किंवा इथेच अशा रचना पाहिल्या आहेत, त्यांनी तपशिलात लिहावं. महापालिकेत काम केलेलं कुणी असेल तर फारच बरं.

नदीपल्याड

उंबरठाताई, मी नोकरीनिमित्त बरीच वर्षं नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टजवळ आहे. इथे सगळं आधीपासूनच छान होतं अशी आपल्याकडे समजूत असते, म्हणून जरा इतिहास सांगतो.

१९७१ साली या एवढ्याशा देशात रस्त्यांवर ३ हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत ४०० च्या वर लहान मुलं होती. विक लांगेनहॉफ नावाच्या पत्रकाराची मुलगी शाळेच्या वाटेवर मोटारीखाली गेली. त्यांनी १९७२ मध्ये आपल्या दैनिकात "बालहत्या थांबवा" अशा मथळ्याचा लेख लिहिला आणि त्याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये फान पुटन या तरुण आई होत्या, पुढे त्या युरोपीय संसदेत निवडून गेल्या. त्याच वर्षी आम्स्टरडॅमच्या 'द पाइप' या दाटीवाटीच्या कामगार वस्तीतली शाळकरी मुलं खेळायला जागा हवी म्हणून रस्ता बंद करायला निघाली होती, आणि चिडलेले मोटारवाले अडथळे उचलून फेकत होते. आपल्याकडे आज होईल तेच तेव्हा तिथे झालं.

डेल्फ्ट नगरपालिकेतले अभियंते योस्ट वाल यांनी साठच्या दशकाच्या शेवटी काही गल्ल्या वेगळ्या बांधून बघितल्या. फुटपाथ आणि रस्ता एकाच पातळीवर, डांबराऐवजी विटा, मधे झाड, बाक, गाड्या लावायची जागा कधी डावीकडे तर कधी उजवीकडे. सरळ रेष मोडली की गाडी आपोआप चालण्याच्या वेगावर येते. अशा गल्ल्यांना 'वूनर्फ' म्हणतात. १९७६ साली त्यांना कायद्यात जागा मिळाली. तिथे चालणाऱ्याला पूर्ण रुंदी वापरता येते आणि मुलांनी रस्त्यात खेळणं कायदेशीर आहे.

पण ताई, तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर वूनर्फपेक्षा ग्रोनिंगनमध्ये आहे. १९७७ च्या सप्टेंबरमध्ये त्या शहराने एका रात्रीत मध्यभागाचे चार भाग केले. पायी किंवा सायकलने कुठूनही कुठेही जा. मोटारीने मात्र एका भागातून शेजारच्या भागात थेट जाता येत नाही, बाहेरच्या वळसा-रस्त्यावर यावं लागतं. एकही घर, एकही दुकान मोटारीला बंद झालं नाही. बंद झालं ते फक्त आरपार जाणं. हे रेटून नेणारा मॅक्स फान देन बेर्ख नगरपालिकेत आला तेव्हा जेमतेम चोवीस वर्षांचा होता. व्यापाऱ्यांनी प्रचंड विरोध केला. पण ती रचना टिकली, आणि चाळीस वर्षांनी, २०१७ मध्ये, बेल्जियममधल्या गेंट शहराने तीच पद्धत उचलली.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे सहज जमेल. इथे मोठ्या रस्त्यावरून गल्लीत वळताना फुटपाथ तुटत नाही. तो त्याच उंचीने, त्याच फरश्यांनी गल्लीच्या तोंडावरून पुढे जातो. गाडीला उतारावरून चढून, फुटपाथ ओलांडून, परत उतरावं लागतं. चालणारा आपल्या जागेत असतो आणि गाडी त्याच्या जागेत आलेली असते, त्यामुळे थांबायचं कुणी हे सांगायला पाटी लागत नाही. आपल्याकडे फुटपाथ प्रत्येक गल्लीशी, प्रत्येक गेटशी संपतो, आणि म्हाताऱ्या माणसाला दर वीस पावलांवर पायरी उतरून चढावी लागते.

आता इथे वर्षाला ७०० च्या आसपास मृत्यू होतात. लोकसंख्या वाढली, गाड्या तर कितीतरी पटींनी वाढल्या, तरीही. डिसेंबर २०२३ पासून आम्स्टरडॅमने शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी ३० ची मर्यादा घातली आहे.

दादर_गल्ली

मोबाइल नकाशाबद्दल शंभर टक्के सहमत. आमच्याकडे पूर्वी टॅक्सीवाल्यांनाच आतल्या वाटा ठाऊक असायच्या. आता कुणीही नवखा माणूस शाळेच्या दारावरून गाडी घालतो.

मुंबईत एक प्रयोग झाला होता तो सांगते. मालाडच्या मीठ चौकीच्या जंक्शनला प्लॅस्टिकचे ट्रॅफिक कोन, रंग आणि अडथळे वापरून वळणं घट्ट केली, पादचाऱ्यांना मधे थांबायला जागा दिली. सिमेंटचा एक कणही न ओतता. चुकलं तर दुसऱ्या दिवशी हलवता येतं, हा त्यातला मोठा गुण. आपल्याकडे पहिल्यांदा निविदा निघते आणि मग लोकांना कळतं की काय होणार आहे. आधी रंगाने आखून महिनाभर बघितलं तर भांडणं निम्मी होतील.

लेव्हलमशीन

नमस्कार. मी एका महापालिकेच्या पथ विभागातून निवृत्त झालो. शहराचं नाव नको. उंबरठाताईंनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रथम स्पीडब्रेकर. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ९९ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेत त्याचं माप दिलेलं आहे: ३.७ मीटर लांब, मधे १० सेंटिमीटर उंच, १७ मीटर त्रिज्येचा गोलवा. यावरून ताशी २५ च्या वेगाने गेलं तर धक्का बसत नाही, जास्त वेगाने गेलं तर बसतो. रस्त्यावर दिसतो तो हातभर रुंदीचा उंचवटा किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या. त्यावर सावकाश जाणाऱ्यालाही दणका बसतो, कंबर दुखते, आणि वेगात जाणारी जड गाडी तो तसाच गिळून पुढे जाते. म्हणून लोक कडेने पळवाट काढतात. कर्बपासून कर्बपर्यंत, म्हणजे एका कडेच्या दगडापासून दुसऱ्या कडेच्या दगडापर्यंत सलग, वर सपाट आणि पादचाऱ्यांना ओलांडायला वापरता येईल असा उंच क्रॉसिंगचा टेबल हा याला चांगला पर्याय आहे.

तो करताना सगळ्यात आधी पाणी बघावं लागतं. टेबलाच्या वरच्या बाजूला पावसाचं पाणी तुंबलं की आठवड्याच्या आत लोकच तो फोडायला लावतात, आणि त्यांचं चुकत नाही. दोन्ही कडांना जाळीचं चेंबर किंवा टेबलाखालून पाइप हवाच. नदीपल्याड म्हणतात तो सलग फुटपाथही असाच, पावसाळी गटाराची लेव्हल नीट घेतल्याशिवाय करू नये. आपल्याकडे चांगली संकल्पना निकृष्ट ड्रेनेजमुळे बदनाम होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरं, केबलवाले, पाणीवाले, गॅसवाले यांची खोदाई आधी उरकून घ्या, निदान डक्ट, म्हणजे तारा-नळ्या ओवायला मोठा पाइप टाकून ठेवा.

आता आरपार वाहतूक तोडण्याबद्दल. रस्ता बंद करणं, एकेरी करणं, जड वाहनांना मनाई करणं हे पथ विभागाच्या हातात नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली ते अधिकार आहेत आणि शहरात त्याची अधिसूचना पोलिसांच्या वाहतूक शाखेकडून निघते. बांधकाम पालिकेचं. म्हणून अर्ज दोन्हीकडे एकाच वेळी द्या आणि प्रत्येकावर दुसऱ्याची पोच जोडा, नाहीतर फाइल मधेच लटकते. पुण्यात २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून पाच लाखांपर्यंतची छोटी कामं सुचवता येतात. एखादा उंच क्रॉसिंग, गल्लीच्या तोंडाचं काम त्यात बसू शकतं.

एक अडचण मात्र परदेशातली उदाहरणं देणारे विसरतात. तिथला आरपार जाणारा माणूस मोटारीत बसलेला असतो. आपला निम्म्याहून जास्त वेळा दुचाकीवर असतो. खांब रोवले तर मोटार थांबेल, स्कूटर जाईल. आजींना धक्का स्कूटरचाच लागला ना?

चाकांवर

लेव्हलमशीनकाका, या शेवटच्या मुद्द्यावर मला बोलायचंच आहे. मी व्हीलचेअर वापरते. दुचाकी अडवायची म्हणून पार्कच्या, पुलाच्या, फुटपाथच्या तोंडाशी फिरकीची दारं, झिगझॅग पाइप, जवळजवळ रोवलेले खांब लावतात. स्कूटरवाला चार दिवसांत एक पाइप वाकवून मोकळा होतो. मी कायमची बाहेर राहते. माझी खुर्ची जाईल एवढ्या फटीतून स्कूटर जाणारच, तिचं हँडल माझ्या खुर्चीपेक्षा फारसं रुंद नसतं. बाबागाडी, हातगाडी, स्ट्रेचर यांचंही तेच.

त्यामुळे कृपा करून अडवायच्या भाषेत विचार करू नका. दुचाकीला जाऊ दे, पण चालण्याच्या वेगानेच जाता येईल अशी जागा करा.

लेव्हलमशीन

बरोबर. म्हणून खांबांची एक ओळ टाकून थांबू नये. गल्लीच्या मध्यावर पंधरा-वीस मीटरचा तुकडा फुटपाथच्या उंचीला घ्यावा, वर खडबडीत फरशी, मधे झाड आणि बाक असे मांडावेत की वाट दोनदा वळेल. खुर्चीला रुंदी पूर्ण मिळते, दुचाकीला वेग मिळत नाही. सरळ वीस मीटर मोकळे दिसले की माणूस ॲक्सिलरेटर पिळतो. ते दिसूच नये. यातून प्रत्येक दुचाकी थांबेल असा दावा मी करणार नाही, पण सिग्नलपेक्षा ही वाट जलद राहिली नाही तर येणारे आपोआप कमी होतात.

पहिला_मजला

सगळ्यांचं वाचलं. आता माझंही ऐका.

तुमच्या कॉलनीतून जी वाहतूक बाहेर काढायची म्हणताय, ती माझ्या खिडकीखालून जाणार आहे. आम्ही मोठ्या रस्त्याला लागून असलेल्या चाळवजा इमारतीत राहतो, खाली गॅरेज आणि दुकानं. आमच्या मागे वस्ती आहे. तिथल्या मुलांना महापालिकेच्या शाळेत जायला हा रस्ता रोज ओलांडावा लागतो, चार पदरी, मधे डिव्हायडर, आणि जवळचा सिग्नल इतका लांब की कुणी तिथवर जात नाही. मुलं डिव्हायडरवर चढून उडी मारतात. त्यांच्यासाठी कुणी धागा काढत नाही.

कॉलनीवाल्यांनी रस्ता शांत करायचा आणि मोठ्या रस्त्यावर राहणाऱ्यांनी धूर खायचा, हे मला पटत नाही. शिवाय "आरपार बंद" म्हणत म्हणत उद्या गेट लागतं, वॉचमन बसतो, आणि आमच्या मुलांना मैदानात जायला "कुठे निघालास" असं विचारलं जातं. हे माझ्या मुलाच्या बाबतीत घडलेलं आहे. सार्वजनिक रस्त्यावर लावलेली अशी गेटं शहरात किती आहेत, एकदा फिरून बघा.

मी विरोधक नाही. पण आधी मोठ्या रस्त्याबद्दल बोला.

सायंफेरी

पहिला_मजला यांचं म्हणणं मनाला लागलं. मी कॉलनीतच राहते, वय सत्तरच्या पुढे. संध्याकाळी फिरायला जाते ती त्याच मोठ्या रस्त्यापलीकडच्या बागेत. गल्लीत मला भीती वाटते, पण मोठा रस्ता ओलांडताना तर मी कुणीतरी तरुण माणूस येईपर्यंत कडेला उभी राहते.

गल्ल्यावरून

माझं कॉलनीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. वडिलांपासूनचं. माझी काळजी सरळ आहे: गाडी थांबेनाशी झाली तर गिऱ्हाईक पुढच्या मॉलला जाईल. टेम्पोतून माल उतरवायला जागा लागते. रस्ता अरुंद करून बाक टाकले की टेम्पो कुठे लावू?

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगतो. माझं रोजचं गिऱ्हाईक बहुतेक पायी येतं. सिग्नल चुकवायला जाणारे माझ्याकडे थांबत नाहीत. थांबलेच तर रस्त्यात तिरकी गाडी लावून एक पाण्याची बाटली घेतात आणि मागे हॉर्नची रांग लागते. मालासाठी सकाळची ठरावीक वेळ आणि आखलेली जागा मिळणार असेल तर मी सही करायला तयार आहे. पण आधी कागदावर दाखवा.

वॉल्थम_मराठी

दुकानदारदादांच्या प्रश्नाला लंडनचं उदाहरण आहे. ईशान्य लंडनच्या वॉल्थम फॉरेस्ट भागात २०१५ च्या सुमाराला गल्ल्यांतली आरपार वाहतूक तोडली. ऑरफर्ड रोड ही तिथली दुकानांची गल्ली. तिच्या उद्घाटनाच्या दिवशी विरोधकांनी शवपेटी काढली होती, आता हा रस्ता मेला म्हणून. आज तिथे हॉटेलं, दुकानं आणि गर्दी आहे. अर्थात सगळं गोड झालं असंही नाही. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात लंडनमध्ये घाईघाईने शेकडो ठिकाणी रस्ता अडवायला कुंड्या ठेवल्या, लोकांना विश्वासात घेतलं नाही, काही भागांत कुंड्या फोडल्या गेल्या आणि काही पालिकांनी योजना मागे घेतल्या. लोकांशी आधी बोलणं हा भाग वगळला की काय होतं ते मी जवळून पाहिलं.

ॲम्ब्युलन्स आणि बंबाचा प्रश्न इथेही सगळ्यात आधी विचारला गेला, आणि तो रास्तच आहे. वॉल्थम फॉरेस्टमध्ये अग्निशमन दलाच्या पोचण्याच्या वेळा अभ्यासल्या, तेव्हा त्या वाढलेल्या आढळल्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी खांबांऐवजी नंबरप्लेट वाचणारा कॅमेरा असतो. बंब, ॲम्ब्युलन्स, कचऱ्याची गाडी सरळ जाते, इतरांना दंड येतो. आपल्याकडे उघडता येणारा खांब आणि त्याची किल्ली जवळच्या केंद्रात, एवढ्यावर भागेल का, हे काकांनी सांगावं.

"वाहतूक दुसरीकडे जाईल" यावरही थोडं. १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी साठेक ठिकाणांचा अभ्यास केला. रस्त्याची जागा कमी केल्यावर सगळी वाहतूक शेजारच्या रस्त्यांवर गेली नव्हती. काही भाग चक्क नाहीसा झाला, कारण लोक वेळ बदलतात, चालत जातात, दोन कामं एका फेरीत करतात. पण काही भाग शेजारच्या रस्त्यांवर येतोच, म्हणून पहिला_मजला यांची भीती निराधार नाही.

हडसनकाठ

छोटीशी भर. न्यू जर्सीत मॅनहॅटनसमोरच्या होबोकेन शहराने कोपऱ्यांवरचं पार्किंग काढून टाकलं. तिथे सायकल स्टँड, खांब, झाडांचे वाफे ठेवले, म्हणजे वळणारा चालक आणि ओलांडणारं मूल एकमेकांना दिसतात. २०१७ नंतर अनेक वर्षं त्या शहरात रस्त्यावर एकही मृत्यू झाला नाही. वस्ती अत्यंत दाट, रस्ते अरुंद, पार्किंगची मारामार आपल्यासारखीच. आपल्याकडे गल्लीच्या कोपऱ्याला नेमकी मोठी गाडी लावलेली असते. हे काम रंग आणि चार खांबांत होतं.

बेलापूर_खाडी

बाहेरची उदाहरणं चांगलीच आहेत, पण आपल्याकडे हे माहीतच नव्हतं असं नाही. चंदीगडचे सेक्टर पन्नासच्या दशकात याच विचाराने आखले: वेगाची वाहतूक सेक्टरच्या बाहेरून, आत शाळा, दुकान आणि घरं. नवी मुंबईत बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात केलं. सात-आठ घरांचा घोळका, मधे लहान अंगण, अशी अंगणं मोठ्या चौकाला जोडलेली. मी तिथे लहानाची मोठी झाले. आई स्वयंपाकघरातून हाक मारायची तेवढ्या अंतरात आमचं सगळं खेळणं असायचं.

आणि पुण्यातल्या पेठा? वाड्यामागचे बोळ, ज्यातून माणूस आणि सायकल जायची, गाडी जायची नाही. रचना आपलीच होती. आता उलट चाललंय. २०२० मध्ये पुण्यात सहा मीटरचे ३२३ रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आला, कारण नऊ मीटरच्या रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, वापरून जास्त बांधकाम करता येतं. रुंद झालेल्या गल्लीत फुटपाथ येतो की गाड्यांचा वेग येतो, हे आपण सगळे जाणतो.

लेव्हलमशीन

उघडता येणाऱ्या खांबाबद्दल: किल्ली हरवते, कुलूप गंजतं, हा अनुभव आहे. त्यापेक्षा मधल्या तुकड्यात साडेतीन मीटरची सलग मोकळी पट्टी ठेवा, त्यावर फक्त वाकणारे रबरी खांब. बंब त्यांवरून जातो, खांब परत उभे राहतात. वळणाची त्रिज्या अग्निशमन दलाला आधीच दाखवून त्यांचं ना-हरकत पत्र घ्या. अर्जासोबत ते जोडलं की निम्मे आक्षेप तिथेच मिटतात.

दुकानदारदादा, माल उतरवायची जागा नकाशावर पिवळ्या पट्ट्याने आखून वेळ लिहायची. ती वाहतूक शाखेच्या अधिसूचनेतच यायला हवी, नाहीतर तिथे दिवसभर मोटारी उभ्या राहतात.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. गेटबद्दल पहिला_मजला यांना स्पष्ट सांगते: आमच्या कॉलनीत गेट लावायची सूचना बैठकीत आली होती आणि मी तिला विरोध केला. रस्ता महापालिकेचा आहे. त्यावरून कुणीही, कधीही, न विचारता चालत जाऊ शकलं पाहिजे. भाजीची हातगाडी, शाळेतली मुलं, कामाला येणाऱ्या बायका, सायकलवाले. आमच्या अर्जात हे वाक्य लिहून टाकते, म्हणजे पुढच्या कमिटीलाही बदलता येणार नाही.

मोठ्या रस्त्याचंही पटलं. सायंफेरीमावशी, तुम्ही ओलांडता ती जागा आणि वस्तीतली मुलं डिव्हायडरवरून उडी मारतात ती जागा एकच असावी असं मला वाटतं, दुधाच्या डेअरीसमोरची. तिथे डिव्हायडर कापून, दोन्ही बाजूंनी उंच टेबल आणि मधे थांबायला जागा, असं होऊ शकतं का काका? चार पदरी रस्त्यावर टेबल चालतो का?

लेव्हलमशीन

पीएमपीची बस जाते त्या रस्त्यावर उतार लांब ठेवावा लागतो, एवढंच. पण चार पदरी रस्त्यावर नुसत्या टेबलावर भरवसा ठेवू नका, पादचाऱ्यांचा सिग्नल बरोबर हवा. पहिल्या पदरातली गाडी थांबली की तिच्या आडून दुसऱ्या पदरातली तशीच येते. मुलं त्यातच सापडतात. मधली थांबायची जागा निदान दोन मीटर रुंद ठेवा. बाबागाडी किंवा व्हीलचेअर आडवी न करता उभी राहिली पाहिजे.

चाकांवर

आणि डिव्हायडरच्या कापलेल्या भागात पायरी नको, जमीन सपाट. मधोमध दुचाकी यू-टर्न घेऊ नये म्हणून जो खांब लावाल त्याच्या बाजूला निदान ९० सेंटिमीटर सोडा.

पहिला_मजला

डेअरीसमोरचीच जागा. तिथे सकाळी सात ते आठ आणि दुपारी साडेबारा ते एक या वेळात उभं राहून बघा, म्हणजे अर्जात काय लिहायचं ते कळेल. वस्तीतल्या पालकांच्या सह्या मी आणतो. पण माझी अट आहे: अर्ज एकच असावा. कॉलनीचा वेगळा आणि आमचा वेगळा दिला तर कॉलनीचा मंजूर होईल आणि आमचा "निधी उपलब्ध नाही" म्हणून परत येईल.

उंबरठा

एकच अर्ज. पहिलं काम डेअरीसमोरचा क्रॉसिंग आणि सिग्नल, दुसरं गल्लीच्या दोन्ही तोंडांना सलग फुटपाथ, तिसरं मधला तुकडा, तोही आधी रंग आणि कुंड्यांनी आखून बघायचा. पहिलं होईपर्यंत तिसरं सुरू करायचं नाही, असं अर्जातच लिहिते. गल्ल्यावरून, मसुदा आणि हाताने काढलेला नकाशा तुमच्या दुकानात ठेवते, मालाची जागा तुम्हीच पेन्सिलने आखा. लेव्हलमशीनकाका, नकाशावर पाण्याचा उतार कुठून कुठे दाखवायचा तेवढं सांगाल का? आमच्याकडे पावसात उत्तरेच्या तोंडाशी पाणी साठतं.